पुस्तक आणि मालिका जोडीनं: ‘गेम ऑफ थ्रोन्स’ वाचता-पाहताना पडणारे प्रश्न

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची पाच जाडजूड पुस्तकं आणि एचबीओची आठ सीझनची मालिका सोबत घेऊन बसणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कोण मरतं, कोण जिंकतं हे इथे कुठेही सांगितलेलं नाही. शक्य तिथे घटनेऐवजी प्रकरणाचा क्रमांकच दिला आहे. पुस्तक आणि मालिकेतल्या फरकांचा एक प्रश्न खाली आहे, त्याच्या सुरुवातीला तशी सूचना आहे.

आधी पुस्तक की आधी मालिका?

पुस्तक नेहमी थोडं पुढे ठेवा. मार्टिनचं प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या डोक्यातून लिहिलेलं असतं. त्या पात्राला जे माहीत नाही, ते तुम्हालाही कळत नाही. सगळं रहस्य या एका युक्तीवर उभं आहे. कॅमेरा मात्र बाहेरून सगळ्यांना एकदम दाखवतो, म्हणून आधी पाहिलं की वाचनातली निम्मी चुरस जाते. उलट आधी वाचून मग पाहिलं तर काहीच हातचं जात नाही, कारण चेहरे, आवाज, किल्ले, पोशाख हे मालिकेचं देणं वेगळंच आहे.

अपवाद एकच. मराठी माध्यमातून शिकलात आणि इंग्रजी कादंबरीची सवय नसेल, तर पहिला एपिसोड आधी पाहा. पहिल्या शंभर पानांत इतकी नावं अंगावर येतात की चेहरे आधी ओळखीचे असलेले बरे. त्यानंतर मात्र पुस्तक पुढे.

सगळं मिळून वेळ किती लागेल?

पहिलं पुस्तक साधारण तीन लाख शब्दांचं आहे. मिनिटाला १५० शब्द या वेगानं (इंग्रजीची बेताची सवय असलेल्याचा हा वेग धरा) ३३ तास लागतात, २०० च्या वेगानं २५. एक प्रकरण सरासरी चार हजार शब्दांचं, म्हणजे सुमारे २७ मिनिटांचं. रोज दोन प्रकरणं वाचली तर पहिलं पुस्तक पाच-सव्वापाच आठवड्यांत होतं. पाचही पुस्तकं मिळून पावणेअठरा लाख शब्दांच्या आसपास जातात, म्हणजे रोज एक तास दिला तर साडेसहा महिने.

मालिकेचे एकूण ७३ एपिसोड आहेत: पहिले सहा सीझन दहा-दहाचे, सातवा सातचा, आठवा सहाचा. पहिल्या पुस्तकातही प्रस्तावना धरून ७३ प्रकरणं आहेत. निव्वळ योगायोग, पण आकडा लक्षात राहतो.

बारावी किंवा नीटच्या वर्षात हे सुरू करू नका. तिसऱ्या पुस्तकाचा उत्तरार्ध हातातून सुटत नाही.

कोणती प्रत घ्यावी? पाच पुस्तकं म्हणतात आणि संचात सात कशी?

भारतात सहज मिळणाऱ्या ब्रिटिश पेपरबॅक आवृत्तीत तिसरं आणि पाचवं पुस्तक प्रत्येकी दोन खंडांत छापलेलं आहे. क्रम असा: ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ (१९९६), ‘अ क्लॅश ऑफ किंग्ज’ (१९९८), ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’ (२०००) याचे ‘स्टील अँड स्नो’ व ‘ब्लड अँड गोल्ड’ हे खंड, ‘अ फीस्ट फॉर क्रोज’ (२००५), आणि ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ (२०११) याचे ‘ड्रीम्स अँड डस्ट’ व ‘आफ्टर द फीस्ट’ हे खंड. सुटं पुस्तक ऑनलाइन मागवताना नेहमी होणारी चूक म्हणजे ‘ब्लड अँड गोल्ड’ हे स्वतंत्र पुस्तक समजून आधीचा खंड न घेणं. मुखपृष्ठावर भाग एक की दोन, ते बघूनच पैसे भरा.

संभाजीनगरला औरंगपुऱ्यात, नांदेड-लातूरला मोठ्या दुकानांत चौकशी करा, पण शेल्फवर बहुतेक शालेय आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असतात. ही मागवूनच घ्यावी लागतात. फुटपाथवर निम्म्याहून कमी किमतीत मिळणारी प्रत बहुधा बनावट असते. घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: सुरुवातीचे नकाशे वाचता येतात का, शेवटी घराण्यांचं परिशिष्ट आहे का, आणि मधूनच एखादी सोळा-बत्तीस पानांची घडी गायब किंवा दोनदा बांधलेली नाही ना. आठशे पानांच्या पुस्तकात अशी घडी गेलेली कळायला महिना लागतो, आणि तोवर विकणारा जागेवर नसतो.

ई-पुस्तक चालतं, शब्दावर बोट ठेवून अर्थ बघता येतो ही मोठी सोय. मात्र लहान काळ्या-पांढऱ्या पडद्यावर नकाशा निरुपयोगी होतो. तेवढा फोनवर वेगळा ठेवा.

पहिल्या सीझनच्या कोणत्या एपिसोडआधी कुठवर वाचायचं?

आधी पेन्सिल घ्या. पुस्तकात प्रकरणांना क्रमांक नाहीत. ‘ब्रॅन’, ‘कॅटलिन’, ‘एडार्ड’ अशी पात्रांची नावंच मथळ्याला आहेत आणि तीच पुन्हा पुन्हा येतात. प्रस्तावनेला शून्य धरून प्रत्येक मथळ्याशेजारी आकडा टाकत जा. शेवटच्या प्रकरणाला ७२ आलं तर मोजणी बरोबर, आणि प्रतीत एकही प्रकरण कमी नाही हेही त्याच फेरीत कळतं.

एपिसोड १ आधी: ० ते ८, आणि ११.
एपिसोड २: १७ पर्यंत.
एपिसोड ३: २३ पर्यंत.
एपिसोड ४: २९ पर्यंत.
एपिसोड ५: ३५ पर्यंत.
एपिसोड ६: ४६ पर्यंत.
एपिसोड ७: ४९ पर्यंत, आणि ५४.
एपिसोड ८: ५७ पर्यंत, आणि ६१.
एपिसोड ९: ६५ पर्यंत.
एपिसोड १०: ७२, म्हणजे शेवटपर्यंत.

मध्येच उडी मारलेली ११, ५४ आणि ६१ ही तिन्ही डेनेरिसची प्रकरणं आहेत. ती समुद्रापलीकडे एकटी आहे, बाकीच्यांशी तिच्या गोष्टीचा अजून सांधा नाही, म्हणून मालिकेनं तिचे प्रसंग सोयीनं पुढे ओढले. त्याच कारणानं ही प्रकरणं आधी वाचली तरी दुसरं काही फुटत नाही. सहाव्या एपिसोडचा पल्ला लांब दिसतो, कारण ३६ ते ४६ मधला क्रम मालिकेत बराच उलटसुलट झाला आहे आणि त्यातलं काही सातव्या-आठव्यात येतं. वाचलेलं लगेच दिसलं नाही म्हणून मागे जाऊन शोधू नका.

एपिसोडच्या सुरुवातीचं नकाशाचं शीर्षकदृश्य वगळू नका. ते त्या त्या एपिसोडमधल्या ठिकाणांनुसार बदलतं, त्यामुळे आज कुठे कुठे जायचं आहे ते दीड मिनिटात कळतं.

दुसऱ्या ते चौथ्या सीझनला हीच पद्धत चालते का?

एपिसोडवार नाही. दुसऱ्या पुस्तकात डेनेरिसला फक्त पाच प्रकरणं आहेत, टिरियनला पंधरा. मालिकेला मात्र प्रत्येक मोठ्या नटाला दर एक-दोन आठवड्यांनी दाखवावं लागतं. म्हणून तिचा भाग ताणला, इतरांचा कापला, आणि जोडणी विस्कटली. इथे दुसरं पुस्तक पूर्ण वाचा आणि मग दुसरा सीझन सलग पाहा. नवव्या एपिसोडच्या आदल्या दिवशी पुस्तकातली नदीवरच्या लढाईची सान्सा, दावोस आणि टिरियन यांची प्रकरणं पुन्हा चाळा. तो एपिसोड मार्टिननं स्वतः लिहिला आहे. पैसा आणि वेळ कमी असताना कादंबरीकार स्वतःचीच लढाई कशी आटोपशीर करतो, ते शेजारी-शेजारी ठेवल्यावरच दिसतं. (त्यानं आणखी तीन एपिसोड लिहिले: पहिल्या सीझनचा आठवा, तिसऱ्याचा सातवा, चौथ्याचा दुसरा.)

तिसरं पुस्तक दोन सीझनमध्ये वाटलं आहे. तिथेही पेन्सिलनं आकडे टाका: प्रस्तावना, १ ते ८०, आणि उपसंहार. ५६ पर्यंत वाचून तिसरा सीझन पाहा, उरलेलं संपवून चौथा. दोन खंडांची आवृत्ती असेल तर पहिला खंड संपला म्हणजे तिसरा सीझन आला असं समजू नका. त्या सीझनचा शेवट दुसऱ्या खंडात बराच आत आहे, आणि या घाईत संपूर्ण मालिकेतला सगळ्यात मोठा धक्का टीव्हीवर आधी बसतो. सर्वाधिक वाचक नेमके इथेच चुकतात.

थिऑनचं काय? पुस्तकात तो दिसतच नाही.

दुसऱ्या पुस्तकात त्याची प्रकरणं आहेत. तिसऱ्या-चौथ्यात एकही नाही. मालिका मात्र तिसऱ्या सीझनपासून त्याला सतत दाखवते. ती सामग्री पाचव्या पुस्तकात वेगळ्याच पद्धतीनं उलगडते आणि तिथली लिखाणाची करामत पाहून ठेवलेल्याला निम्मीच लागते. ज्यांना याचं जास्त वाटतं त्यांनी तिसऱ्या-चौथ्या सीझनमध्ये थिऑनचे प्रसंग वगळले तरी मुख्य कथा अडत नाही. चौथ्या सीझनमध्ये ब्रॅन आणि डेनेरिसचाही थोडा भाग पाचव्या पुस्तकातला आहे. तो टाळणं शक्य नाही.

चौथ्या पुस्तकात जॉन, टिरियन, डेनेरिस कुणीच कसे नाहीत?

प्रत सदोष नाही. चौथं आणि पाचवं पुस्तक बऱ्याच अंशी एकाच काळात घडतं. हस्तलिखित फार वाढल्यावर मार्टिननं ते काळाऐवजी भूगोलानं तोडलं. चौथ्यात राजधानी, लोहबेटं, डॉर्न आणि नद्यांचा मुलूख. पाचव्यात भिंत, उत्तर आणि समुद्रापलीकडचा भाग. पाचव्याचा अर्ध्याहून जास्त भाग झाल्यावर काळ पुढे सरकतो आणि चौथ्यातली काही पात्रं परततात. चौथ्याच्या शेवटी लेखकाची छोटी टीप आहे, ती आधी वाचली तरी चालते.

दोन्ही पुस्तकांची प्रकरणं कालक्रमानं मिसळून वाचण्याच्या याद्या वाचकांनी बनवल्या आहेत. पहिल्या वाचनात त्या वापरू नका. दोन जाड पुस्तकं (आपल्याकडच्या आवृत्तीत तीन) पुढ्यात घेऊन उड्या मारताना चौथ्याचा स्वतःचा उदास, युद्धानंतरचा सूर हरवतो. हे पुस्तक संथ आहे अशी तक्रार असते. लुटल्या गेलेल्या गावांतून चालणारी ब्रिएनची प्रकरणं मात्र टीव्हीवरच्या मालिकेत जवळजवळ आलेलीच नाहीत, आणि ती चांगली आहेत.

पाचव्या सीझनपासून काय करायचं?

जोडी तिथेच सोडा. आधी चौथं आणि पाचवं पुस्तक पूर्ण करा. पाचवा सीझन दोन्ही पुस्तकांतून निवडून घेतो आणि बरंच वगळतो. सहाव्या सीझनमध्ये रिव्हररनचा वेढा आणि लोहबेटांवरची राजनिवड असे पुस्तकातले काही तुकडे उशिरा येतात, पण बाकी कथा छापलेल्या पुस्तकांपुढे गेली आहे. ‘द विंड्स ऑफ विंटर’ हे सहावं पुस्तक अजून आलेलं नाही आणि ‘अ ड्रीम ऑफ स्प्रिंग’ त्याच्याही नंतर. काही मोठ्या घटना मार्टिननं निर्मात्यांना सांगितल्या होत्या. तिथवर जायचा रस्ता मात्र मालिकेचा स्वतःचा आहे. शेवटच्या दोन सीझनबद्दल वाचकांची नाराजी बव्हंशी याच रस्त्याबद्दल आहे, आणि ती रास्त आहे: आधी महिने लागणारे प्रवास अचानक एका दृश्यात उरकतात.

नावं लक्षात राहत नाहीत.

कुणाच्याच राहत नाहीत. वहीचं एक पान घराण्यांना द्या: नाव, गड, निशाण, प्रदेश. निशाण सर्वांत उपयोगी, कारण पुस्तकात माणसाआधी झेंडा दिसतो आणि मालिकेत ढालीवर तोच असतो.

अनौरस मुलांची आडनावं प्रदेशावरून ठरतात, एवढं पाठ केलं तर अर्धा गुंता सुटतो. उत्तरेत स्नो, नद्यांच्या मुलखात रिव्हर्स, व्हेलमध्ये स्टोन, लोहबेटांवर पाइक, पश्चिमेत हिल, रीचमध्ये फ्लॉवर्स, वादळी मुलखात स्टॉर्म, डॉर्नमध्ये सँड, राजधानीच्या परिसरात वॉटर्स. म्हणजे दोन ‘स्नो’ दिसले म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

परिशिष्ट फक्त हातातल्या पुस्तकाचं उघडा. पुढच्या पुस्तकाचं परिशिष्ट म्हणजे मागच्या पुस्तकातल्या मयतांची यादी.

मालिकेत दोन नावं मुद्दाम बदलली आहेत. पुस्तकातली आशा ग्रेजॉय तिथे यारा होते आणि छोटा रॉबर्ट ॲरिन रॉबिन होतो.

इंग्रजी जड जातं. काय करावं?

प्रत्येक शब्द शोधू नका. चिलखत, घोड्याचा साज आणि जेवणावळी यांची वर्णनं सरळ ओलांडली तरी कथा तुटत नाही. मेस्टर (विद्वान-वैद्य-डाकवाला), सेप्टन (पुजारी), स्क्वायर (सरदाराचा शिकाऊ पोरगा), वॉर्ड (दुसऱ्याच्या घरी वाढणारा, बऱ्याचदा ओलीस) आणि बॅनरमन (बोलावणं आलं की फौज घेऊन येणारा मांडलिक) हे पाच शब्द पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

मालिका इंग्रजी सबटायटल लावून पाहा, नावांची स्पेलिंग डोळ्यांना कळतात. श्राव्य पुस्तकही मदत करतं. रॉय डॉट्रिस यांच्या आवाजातलं पहिलं पुस्तक साधारण ३४ तासांचं आहे आणि त्यात २२४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिल्याचा त्यांचा गिनीज विक्रम आहे. देवगिरी एक्स्प्रेसच्या एका रात्रीत, झोप बाजूला ठेवली तर, पंधरा-वीस प्रकरणं होतील. मात्र पुढच्या पुस्तकांत त्यांचे काही उच्चार आणि आवाज बदलतात, तेव्हा पात्र नवीन आहे असं वाटून घेऊ नका.

लाइट जाते, डेटा पुरत नाही.

एपिसोड आधीच डाउनलोड करून ठेवा. मध्यम दर्जात तासाला अंदाजे अर्धा ते पाऊण जीबी जातो, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये दोन एपिसोड, जेमतेम. डाउनलोड ठरावीक मुदतीनंतर बाद होतात, म्हणून अख्खा सीझन एकदम उतरवण्यापेक्षा चार-चार घ्या. फोनवर पाहत असाल तर रात्रीच्या लढाया, विशेषतः आठव्या सीझनचा तिसरा एपिसोड, दुपारच्या उजेडात पाहू नका. तो मुळातच इतका काळोखा आहे की मेच्या उन्हात पडद्यावर तुमचाच चेहरा दिसेल.

भारतात एचबीओच्या मालिकांचे हक्क एका अ‍ॅपकडून दुसऱ्याकडे गेलेले आहेत. वर्षाचे पैसे भरण्याआधी मालिका आज त्यावर आहे का, आणि कोणत्या भाषांत, ते शोधून घ्या.

घरच्यांसोबत बसून पाहता येईल का?

नाही. पहिल्याच एपिसोडमध्ये नग्नता आणि शिरच्छेद आहे. बैठकीत टीव्ही असेल तर इअरफोन आणि फोन. पुस्तक हातात घेऊन बसलात तर कुणी विचारत नाही, पण तेही मुलांसाठी नाही. उलट त्यात पात्रं आणखी लहान आहेत: ब्रॅन ७ वर्षांचा, आर्या ९, सान्सा ११, डेनेरिस १३, जॉन आणि रॉब १४. मालिकेनं सगळ्यांना दोन-तीन वर्षांनी मोठं केलं. अठरा पूर्ण झालेल्यांनीच दोन्हीकडे वळावं.

मालिकेनं नेमकं काय बदललं? (दुसऱ्या पुस्तकापर्यंतचे फरक उघड केले आहेत.)

पहिल्या सीझनमध्ये लढाया जवळजवळ नाहीतच. टिरियन ज्या लढाईत उतरतो ती पुस्तकात पूर्ण आहे, मालिकेत तो सुरुवातीलाच डोक्याला मार लागून पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. कारण पैसा. दुसऱ्या सीझनमध्ये आर्या टायविनची पेलेवाली होते. पुस्तकात ती त्याच किल्ल्यात असते, पण रूस बोल्टनच्या सेवेत. बदल असूनही मालिकेतली ती दृश्यं अप्रतिम आहेत. नदीवरच्या लढाईत टिरियननं लोहारांकडून घडवून घेतलेली प्रचंड साखळी मालिकेत गाळली. तिच्याविना त्याचा डाव अर्धाच कळतो.

सर्वांत जास्त हरवते ती रसद. पुस्तकात फौज काय खाते, किती दिवस पुरेल, याचा हिशेब पानोपानी आहे. स्टॅनिस वर्षभर वेढ्यात अडकतो तेव्हा त्याला वाचवतात ते दावोसनं अंधारातून आणलेले कांदे आणि खारवलेले मासे, आणि त्या कांद्यांवरून दावोसला सरदारकी मिळते. देवगिरीच्या वेढ्यात धान्याच्या पोत्यांत मीठ निघाल्याची गोष्ट ऐकत मोठे झालेल्यांना हा भाग वेगळा समजवावा लागत नाही. मालिकेत तो दोन वाक्यांत संपतो.

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ आधी पाहिली तर?

चालतं, कथा सुमारे पावणेदोनशे वर्षं आधीची आहे. तिचं पुस्तक ‘फायर अँड ब्लड’ (२०१८) कादंबरी नाही. एका मेस्टरनं लिहिलेला इतिहास असं त्याचं सोंग आहे, आणि एकाच घटनेबद्दल दरबारी विदूषक एक सांगतो, पुजारी दुसरंच. मालिका त्यातलं एक निवडते किंवा तिसरंच रचते. म्हणून इथे क्रम उलटा ठेवा: सीझन पाहा, मग तेवढा भाग वाचा आणि कुणाचा साक्षीदार खोटा ते ठरवा. मालिका पुस्तकाच्या उत्तरार्धातून सुरू होते. ‘अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स’ हे पुस्तक तीन छोट्या कथांचं आहे, कमी वेळ असेल तर सुरुवात तिथून करा.

‘द व्हील ऑफ टाइम’ला हीच पद्धत लावता येईल का?

नाही. १९९० ते २०१३ मध्ये आलेली चौदा पुस्तकं (शेवटची तीन रॉबर्ट जॉर्डन यांच्या निधनानंतर ब्रँडन सँडरसननं पूर्ण केली) आणि आठ-आठ एपिसोडचे तीनच सीझन. २०२५ मध्ये मालिका बंद झाली. तिसरा सीझन मुख्यतः चौथ्या पुस्तकावर आहे, पण बदल इतके की प्रकरणांची जोडणी बसत नाही. पहिली चार पुस्तकं वाचा, मग तिन्ही सीझन पाहा, आणि पुढची दहा पुस्तकं तुमची तुम्ही.

मित्रांसोबत वाचतोय, कुणीतरी फोडतंच.

बोलण्याआधी प्रत्येकानं आपला आकडा सांगायचा: ‘मी दोनचं ४१’, म्हणजे दुसऱ्या पुस्तकाचं ४१वं प्रकरण. सर्वांत कमी आकड्याच्या पुढचं बोलायचं नाही. पात्राचं नाव इंटरनेटवर शोधू नका, शोधपट्टी नावापुढे ‘मृत्यू’ स्वतःच सुचवते. उच्चार ऐकायचा असेल तर एपिसोड पाहा.

हा नट आधी वेगळा होता का?

होता. ग्रेगर क्लिगेन तीन वेगवेगळ्या नटांनी केला आहे. डारिओ चौथ्या सीझनमध्ये बदलतो. टॉमेनही बदलतो, आणि नंतरचा टॉमेन त्याआधी तिसऱ्या सीझनमध्ये लॅनिस्टरांच्याच दुसऱ्या एका मुलाच्या भूमिकेत दिसून गेलेला आहे. वहीत पात्राच्या नावापुढे नटाचा चेहरा नाही, निशाण लिहा.